पुठ्ठ्याचा ओव्हन

सुनेसाठी घेतलेल्या ओव्हनची जागा मी सून घरात नसताना ठरवली. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, त्यातला बराचसा लपूनही गेला. हा लपण्यासारखा नव्हता. हातभर रुंदीचा, काळ्या काचेचा, तीन कामं एकात करणारा मूर्खपणा होता तो, आणि त्याला मी स्वतःच्या हातानं झेंडूचा हार घातला होता.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी उलटली होती, पण आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं, आणि तारुण्य म्हणजे दुसरं काय असतं? आता ती बाई आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण तो माझ्याच पाठीत बसणार.

आमचं घर पिंपळे गुरवला. हॉल, एक आतली खोली आणि स्वयंपाकघर. ह्यांनी कंपनीत असताना घेतलेलं, तेव्हा ते राजवाड्याएवढं वाटलं होतं. पुढं त्यात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात असे मावायला लागलो. मुलगा बापाच्याच वाटेनं चाकणला, शिफ्टमध्ये. रात्रपाळी असली की दिवसभर आतल्या खोलीत पडदे ओढून झोपायचा. हॉलमध्ये हे, ह्यांचा टीव्ही आणि नातीचा पसारा. सून हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आठवड्यातले काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून. घरून म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून. लॉकडाऊनमध्ये मुलानं फ्रीज आणि बाल्कनीचं दार यांच्यामध्ये भिंतीला एक घडीची फळी ठोकून दिली होती. खाली प्लास्टिकचं स्टूल, वर लॅपटॉप, वायर तिथल्याच पॉवर पॉइंटला. तिथं बसून ती कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलायची आणि मी इकडं फोडणी हळू आवाजात द्यायची. घरात सगळे त्या फळीला 'तिची फळी' म्हणायचे. मीसुद्धा. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात राहिलं नाही.

एकदा जेवताना मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, मारुंजीला भाड्यानं घर बघतोय, हिला ऑफिस जवळ पडेल, किचनपण मोठं आहे, ओव्हन वगैरे बसेल. सून नातीला भरवत राहिली.  मारुंजी काही परदेशात नाही, पण तिथं गेल्यावर नात शाळेतून घरी येणार ती माझ्या घरी येणार नव्हती. तिच्या बुटांचे बंद सोडायला मी नसणार होते. रात्री गादीवर पडल्या पडल्या मी मुलाचं ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटंसुलटं केलं आणि त्यात मला धरायला एकच गोष्ट मिळाली. ओव्हन. म्हटलं, एवढंच ना? एका ओव्हनसाठी घर मोडायला निघालेत? इथंच आणू की.

सुनेला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण हौस करायची ती काय विचारून करतात? आयती संधीही आली. तिच्या भावाचं लग्न निघालं, आणि ती रजा टाकून नातीला घेऊन लातूरला गेली.

आम्ही दोघं दुकानात गेलो. हे कंपनीच्या क्वालिटी खात्यातून रिटायर झालेले. गवारीची शेंग मापात नसेल तर भाजीवाल्याला परत करतील असा माणूस. खिशात टेप. दुकानातला पोरगा मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन असं काय काय सांगत होता आणि हे प्रत्येक यंत्राच्या मागं वाकून खोली मोजत होते. मोठे आमच्याकडं बसणार नव्हतेच. लहानातला, सगळं एकात करणारा हवा होता, आणि तरी नातीच्या वाढदिवसाचा केक आत मावायला हवा होता. पोरानं विचारलं, कुटुंबात माणसं किती? मी ठसक्यात सांगितलं, पाच. ती पाचच राहावीत म्हणून तर आलो होतो. मग मी जरा बाजूला घेऊन विचारलं, अंड्याचा केक आणि गौरींचा नैवेद्य एकाच ओव्हनमध्ये चालेल का रे? तो म्हणाला, "काकू, स्टीलचं भांडं सोडून सगळं चालतं." मला तो फार समजूतदार वाटला.

ह्यांनी मात्र खिशाला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी ट्रायल. ह्यांच्या कंपनीत नवीन मशीन यायच्या आधी म्हणे त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून जागेवर ठेवतात. माणसं त्याच्या अवतीभवती नेहमीसारखी कामं करतात, आणि कुणाचं कुठं अडतं ते कळतं. झालं. ह्यांनी पुठ्ठा आणला, टेपनं मापून खोकं केलं, पुढच्या बाजूला पेनानं दार काढलं, मूठ काढली, आणि वजन बरोबर यावं म्हणून आत गव्हाची पिशवी ठेवली. असा आमचा पहिला ओव्हन. त्याच्यात तेवढं भाजता यायचं नाही.

तो आधी ओट्यावर शेगडीशेजारी राहिला. पोळी उलटताना माझं कोपर त्याला लागायचं. मग फ्रीजवर गेला. तिथं माझा हात पोचेना, आणि हे म्हणाले, गरम भांडं डोक्यावर घेशील. देवघराखाली ठेवून पाहिला तर निरांजनाची ज्योत पुठ्ठ्याकडं बघायला लागली. शेवटी त्याला फळीवर ठेवला. काय सांगू, तिथं कुणाला काही झालं नाही. माझं कोपर लागलं नाही. बाल्कनीचं दार पुरतं उघडलं. मागं हवेला जागा, शेजारी पॉवर पॉइंट. मुलगा पाळीवरून यायचा, पाणी पिऊन झोपायला जायचा, त्यालाही खोकं आडवं आलं नाही. हे स्टूलवर बसून दोन दिवस आमच्या हालचाली बघत होते. मग उठले आणि साहेबासारखे म्हणाले, "इथं कुणाचंच अडत नाही."

कसं अडणार? जिचं अडायचं ती लातूरला भावाच्या वरातीत नाचत होती. एवढं मोजलं, पण मोजताना घरात जी माणसं होती तीच आम्ही माणसं धरली. ह्यांना मी दोष देत नाही. ह्यांना माप कळतं. मला माणसं कळतात असा माझा लौकिक होता, आणि तो मीच पसरवलेला होता.

ओव्हन घेतला, पण घडीची फळी खोक्याच्या वजनानंच वाकायला लागली होती, म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं ती काढून पक्की कडाप्प्याची फळी लोखंडी कोनांवर बसवली. सुनेचं कॅलेंडर, पेनं, वायरी मी नीट पुसून पिशवीत घातल्या आणि पिशवी कपाटावर ठेवली. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. उलट वाटलं, किती पसारा होता, कसं मोकळं झालं.

ती आली तेव्हा मी दारातच तिचे डोळे झाकले. तशीच आत नेली. ओव्हनवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, आत पेढे. ती बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे, आई." आणि भिंतीकडं, पॉवर पॉइंटकडं, खाली जमिनीकडं बघितलं. मला वाटलं, आनंदानं बावरली. मी स्टूल बाल्कनीत टाकलं होतं, त्यावर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली होती.

त्यानंतर मी त्या ओव्हनला विसावा दिला नाही. नानकटाई, ढोकळा, भाजलेली वांगी, पुन्हा नानकटाई. ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून कुजबुजत काम करायची, तिकडून नवरा झोपेत करवादायचा. मग आतून भांडणाचे आवाज, तेही कुजबुजत. मी ओव्हनचं बटण फिरवायची. मला वाटायचं, ओव्हन लहान पडला का? तिला बहुतेक मोठा हवा होता.

मग ती दिवसा घरातच दिसेनाशी झाली. एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्या इथल्या मूळच्या, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच. म्हणाल्या, "तुमची सून रोज गाडीत बसून अस्ती व्हय? भांडलाबिंडला का काय तुमी?" मी नाही म्हटलं आणि नानकटाईची बशी घेऊन पार्किंगमध्ये गेले. खरंच, मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन, काचा अर्ध्या उघड्या ठेवून इंग्रजीत बोलत बसली होती. कपाळावरून घाम ओघळत होता. मी काचेवर टकटक केलं. तिनं वर पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

सासूला, तोंडावर बोट. मी बशी घेऊन तशीच वर आले आणि ह्यांना म्हटलं, आईशी बोलत असणार, आमचीच गाऱ्हाणी. हे म्हणाले, इंग्रजीत? मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. आणि रागारागानं बशीतल्या नानकटाया एकटीनं खाल्ल्या. 

पुढं मुलानं मारुंजीच्या घराचं ॲग्रीमेंट केलं. टेंपोत सामान चढलं. नात पुढच्या सीटवर बसायला मिळालं म्हणून खूश होती, तिनं हातसुद्धा नीट केला नाही. मी सुनेला म्हटलं, ओव्हन घेऊन जा, तुझाच आहे. ती म्हणाली, राहू दे आई, तुम्हाला आवडतो. ते ती टोमणा म्हणून म्हणाली नव्हती, आणि म्हणूनच जास्त लागलं.

घरात जागा झाली. इतकी वर्षं जागा नाही, जागा नाही म्हणून कुरकुरले, ती सगळी जागा एकदम अंगावर आली. ह्यांनी टेप कुठं ठेवला ते ह्यांनाही आठवेना. दोघांना आमटी किती लागते? मी संध्याकाळी कपभर पाणी ओव्हनमध्ये ठेवून बटण दाबायची. पाणी नको असायचं. आत दिवा लागायचा, ताटली फिरायची, आणि घरात आपल्याशिवाय कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं. मग तो टिंग वाजायचा आणि ते पाणी मी तुळशीला घालायची, गार करून.

मारुंजीला जायला मी मुद्दामच उशीर केला. रुसवा दाखवायचा होता, पण तो कुणी बघितला नाही. शेवटी गेले. सून ऑफिसला होती, मुलगा झोपलेला, नात मला घर दाखवायला लागली. मी आधी स्वयंपाकघरात घुसले. बघू तरी ओव्हन केवढा घेतलाय. ओटा आमच्यापेक्षा वीतभर मोठा असेल-नसेल. त्यावर शेगडी, मिक्सर, पाण्याचा पिंप. ओव्हन नव्हता. मी वाकून ओट्याखालीसुद्धा बघितलं.

नात म्हणाली, आजी, तिथं काय शोधतेस, चल मम्माची खोली दाखवते. खोली कसली, गाद्या ठेवायची जागा. पण खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर लॅपटॉप, पेनं, वर भिंतीला ते कॅलेंडर. दाराला आतून कडी. नात म्हणाली, कडी लावली की मम्माला हाक मारायची नाही.

मी तिथंच खुर्चीत बसले. टेबलावर हात ठेवले. बाहेर कुठल्यातरी बिल्डिंगचं काम चालू होतं, त्याची धूळ टेबलावर बसली होती. ती मी पदरानं पुसली. नात मला विचारत होती की तू रडतेस का, आणि मी तिला सांगितलं की धूळ गेली डोळ्यात. एवढं म्हातारं खोटं बोलायलाही लाज वाटली नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. हे माझ्या तोंडाकडं बघून उठले आणि ओव्हन उचलायला हात लावला. आमच्या दोघांच्यानं तो उचलवेना, सुतारानंच उचलला आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी जमिनीवर ठेवला. कडाप्पा निघाला. जुनी फळी मिळाली, ती सुतारानं दुसरीकडं वापरली नव्हती, आमच्याच गच्चीवर भिजून वाकली होती. म्हणून नवी करून घेतली, घडीचीच, जरा रुंद. स्टूल धुतलं. चिमट्यांची टोपली खिळ्याला टांगली. सगळं झाल्यावर मी स्टूलवर बसून पाहिलं. तिथून शेगडी दिसते, देव दिसतात, आणि फोडणी देणारी सासू अगदी शेजारी असते. एवढ्याशा जागेत ती वर्षानुवर्षं न कुरकुरता बसली होती.

मग मी तिला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा आधी विचारलं, बोलायला वेळ आहे का. म्हटलं, अगं, ओव्हन काढला तिथनं. तुझी फळी पुन्हा बसवलीय, मोठी केलीय. मी तिथं स्वयंपाक करताना बोलणारही नाही. तू नसताना मी तुझी जागा घेतली, चुकलं माझं. आता या परत, नाहीतर आठवड्यातून दोन दिवस तरी इथून काम कर, पोरीला घेऊन ये.

 पलीकडं बसचा हॉर्न वाजला. मग ती म्हणाली,

"अहो आई, कशाला काढलात? आमचं घरून काम बंद झालंय या महिन्यापासून, रोज ऑफिसलाच जायला लागतं. ओव्हन तरी राहू द्यायचात."