खोड सांगून विका

सोयगावच्या स्टँडवर वडिलांनी माझी लोखंडी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. लग्नाला दोन महिने झाले होते. आमच्या मालकांना वाळूजला कंपनीत काम लागलं होतं आणि आम्ही औरंगाबादला निघालो होतो. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवतील, डोळे पुसतील. कुठलं काय! म्हणाले, "शहरात स्वस्त लई मिळतं. स्वस्त का, ते आधी इचारायचं. लाजायचं नाय." आणि बस हलली.

तुम्ही गावात राहिलेल्यांनी माझ्या वडिलांना पाहिलंय. माझ्यासारखं गाव सोडून वाळूजला, शेंद्र्याला आलेल्यांच्या पोरांना मात्र सांगायला पाहिजे. वडील बैलबाजारात राबायचे. स्वतःचा एक बैल कधी दावणीला नव्हता, पण घेणारे त्यांना बाजूला नेऊन विचारायचे, "किसन, कसा हाय रं?" ते रंगवलेल्या शिंगांकडं बघायचेसुद्धा नाहीत. दात बघायचे, चालवून बघायचे. आणि आमच्या बाजाराचा एक रिवाज होता, विकणाऱ्यानं बैलाची खोड आधी सांगायची. हा मारका आहे, हा पाण्यात बसतो, हा उजव्या बाजूला जुंपला की अडतो. सांगून विकला तर नंतर कुणाची तक्रार नाही. लपवून विकला तर बैल परत, आणि चार माणसांत अब्रू जायची ती वेगळीच.

आता म्हणाल, म्हातारी गावाचे गोडवे गायला लागली. नाही हो. त्याच बाजारात माझ्या वडिलांचा चहाचा कप वेगळा होता, आणि तो त्यांनीच विसळून पालथा घालायचा. बैलाबद्दल खरं बोलणाऱ्यांना माणसाबद्दल मात्र तोंड नव्हतं. म्हणून तर निघालो आम्ही. शहरात कप सारखा मिळाला, हे मी विसरणार नाही. पण शहरानं दुसरंच एक केलं. घरात माझी बडबड थांबत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. काउंटरपुढं उभी राहिले की मात्र मी मुकी. काही विचारलं की आपण गावचे आहोत हे कळेल, ही भीती. चाळीस वर्षं झाली तरी ती जात नव्हती. शहराचं नाव बदललं, माझी भीती तशीच.

तर झालं असं. माझी सून प्रज्ञा शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. ते काम सुटलं. घरी बसून रडणारी ती नाही. सहा महिने क्लास लावून मराठी टायपिंग आणि पुस्तकाची पानं लावायचं काम शिकली. एका छापखान्यानं सांगितलं, पुस्तक देतो, पण घरी स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे, आणि सोमवारी काम सुरू झालं पाहिजे. नाही तर दुसरी बाई तयार आहे. कळलं का, कशावर टांगलेलं होतं सगळं?

तयार कॉम्प्युटर आपल्या आवाक्यातला नव्हता. प्रज्ञा म्हणाली, "आत्या, सुटे पार्ट घेऊन मी जोडते. मोबाइलवर बघितलंय सगळं." मी म्हटलं, जोड. आठवडाभर आमच्या घरात भाजीला काय करायचं यापेक्षा रॅम किती घ्यायची यावर जास्त बोलणं झालं. चौथी शिकलेली बाई मी. पुढचं वाचन पेपरच्या पुड्या सोडून सोडून केलेलं. पण तिनं समजावलं तसं उमगत गेलं. प्रोसेसर म्हणजे ओढणारा बैल. मदरबोर्ड म्हणजे गाडा. ज्याच्यातून वीज वाटली जाते तो एसएमपीएस, त्यात कंजुषी करायची नाही, तो जळला तर सगळ्यांना घेऊन जातो. मॉनिटर जुना चालेल. काचेचा, आत रंगीत दिवे लुकलुकणारा डबा नको. ती रंगवलेली शिंगं!

शुक्रवारी मार्केटात गेलो. दुकानदार पस्तिशीचा, बोटांत अंगठ्या. आमची यादी बघून हसला. "आंटी, गेम खेलना है क्या?" प्रज्ञानं सांगितलं, टायपिंगचं काम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला पैसे नाहीत. हे तिनं त्याला सांगितलं होतं, माझ्या देखत. त्यानं दोन प्रोसेसर काढून ठेवले. "दोनों की ताकत एकदम सेम. ये वाला सस्ता."

इथं चुकलं माझं. किसनच्या लेकीनं विचारायला पाहिजे होतं, ताकद सारखी तर स्वस्त का? जिभेवर आलं होतं. पण मागं दोन-तीन शिकलेली पोरं उभी होती, आणि मला वाटलं, हसतील. प्रज्ञा माझ्या तोंडाकडं बघत होती. मी ऐटीत म्हटलं, "स्वस्तातला द्या."

शनिवारी दुपारी प्रज्ञानं फरशीवर चादर अंथरून सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटर काळा. वायरी बदलल्या, रॅम काढून पुसून बसवली. काळाच. शेवटी तिनं मोबाइलवर शोधून काढलं. त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नव्हती. वेगळं कार्ड घेतलं तरच पडद्यावर काही दिसणार. म्हणून तो स्वस्त. आणि हे त्या अंगठीवाल्याला पक्कं माहीत होतं! कार्डाला पैसे नाहीत हेही माहीत होतं. परत याल, रडाल आणि उसनंपासनं करून कार्ड घेऊन जाल, हा त्याचा हिशेब.

प्रज्ञा म्हणाली, "माझंच चुकलं आत्या, मी नीट वाचायला पाहिजे होतं." तेव्हा माझं डोकं फिरलं. फसवणारा मजेत आणि फसलेली माफी मागणार? हा कुठला न्याय? अडाणी म्हणून आम्हाला गप्प करायचं आणि मग गप्प राहिलात म्हणून लुटायचं!

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर. त्यानं माझ्या हातातली प्रोसेसरची डबी पाहिली आणि म्हणाला, "खुला हुआ माल वापस नहीं होता, आंटी."

"आंटी नको म्हणू, मी तुझ्या आईच्या वयाची. खोड का सांगितली नाहीस?"

"कैसी खोड? माल एकदम ओके है. कार्ड लगाव, चित्र आ जाएगा."

मी भांडले नाही. स्टूल ओढलं आणि बसले. रविवार, गर्दी. वाळूजच्या कंपनीचा शर्ट घातलेला एक जण लेकीला घेऊन आला. मी म्हटलं, "दादा, काय घेताय? ह्यात चित्र दिसायची सोय आहे का विचारा. हे आपण होऊन सांगत नाहीत." तो दचकला, पण विचारलं त्यानं. मग दुसरा आला. त्यालाही सांगितलं. मग कॉलेजच्या दोन मुली आल्या. दुकानदाराचा चेहरा लाल. "अम्मा, धंदा खराब कर रहे तुम!"

"मी कुठं? मी तर नुसतं खरं सांगते. तू सांग, मी उठते."

तो वाळूजचा माणूस हसायला लागला. "मावशी बराबर बोलू राहिली की भाऊ. देऊन टाक बदलून."

दिला बदलून. वरचा फरक मी मोजून त्याच्या हातावर ठेवला. उपकार नको होते, न्याय पाहिजे होता. नवी डबी हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आता ह्याची खोड सांग."

मान खाली घालून, अगदी शुद्ध मराठीत बोलला गडी. "मोठे गेम चालणार नाहीत, आजी."

"आम्हाला कुठं खेळायचंय!"

सोमवारी प्रज्ञानं पहिलं पान लावलं. टेबल अजून घेतलेलं नाही. मॉनिटर वडिलांनी एसटीवर चढवलेल्या त्या ट्रंकेवर आहे. राग म्हणाल तर अजून गेलेला नाही. त्याच्यावरचा कमी झालाय, स्वतःवरचा जास्त आहे. चाळीस वर्षं न विचारलेले प्रश्न कुठं जाऊन विचारू आता?

शहरात आले त्या दिवशी मालक खोली शोधायला गेले आणि इथल्या स्टँडवर त्याच ट्रंकेवर मी दुपारभर बसून होते, कारण कुणाकडं उतरायचं हेच ठाऊक नव्हतं. घर कुठलं तुमचं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी सोयगाव सांगायचे. परवा तिथून भाचीचा फोन आला, तिच्या लेकीला कॉम्प्युटर घ्यायचाय, मावशी तुला त्यातलं कळतं म्हणे. मी म्हटलं, ये. माझ्या घरी उतर. दुकानात मी येते सोबत.

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, 'माझ्या घरी' म्हणाले मी.