घरात न फुंकलेली क्लॅरनेट

केजच्या अलीकडं आमच्या गावात सत्तारमियाँचं घर बँडवाल्यांचं. पण त्याच घरात बाजा वाजवायची मनाई होती. घरात हवा फुंकली की बरकत उडून जाते, असं सत्तारमियाँचं ठाम मत. आता बँडवाल्याच्या घरात उडून जायला बरकत होतीच किती, हे त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. म्हणून त्यांचा मुलगा वाहेद क्लॅरनेट शिकला तो गावाबाहेर, नदीच्या कोरड्या पात्रात बसून. घरच्या बायकांनी वरातीमागं हिंडायचं नाही, हा दुसरा दंडक. त्यामुळं अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत वाहेदनं वाजवलं आणि त्याची आई आमिनाबी हिनं ते एकदाही नीट ऐकलं नाही.

“घरात नको बेटा, तुज्या अब्बाचा शब्द हाय,” ती म्हणायची. “पर एकदा कुटंतरी ऐकव मला.”

“ऐकवतो की अम्मा,” तो म्हणायचा. तरण्या पोराला आईचं काम कधी घाईचं वाटलंय?

अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या गवयानं त्याला राग शिकवले. या लाकडातून मींड निघायची नाही, म्हणून म्हातारा नाक मुरडायचा. वाहेदनं भोकांवरून बोटं अलगद सरकवत एका सुरातून दुसऱ्यात जाणारी ती मींड काढून दाखवली. म्हातारा नुसता ‘हं’ म्हणाला, पण स्वतःच्या डब्यातलं पान दिलं. मग मुंबई. तिथं एका बड्या हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या गोवेकरांच्या ताफ्यात तो शिरला. कागदावरचं वाजवून झालं की एकेकानं उभं राहून मनाचं वाजवायचं, ही त्यांची रीत त्याला फार भावली. तो खुशाल त्यात मुलतानी राग मिसळायचा आणि गोवेकर मंडळी माना डोलवायची. पुढं सिनेमाच्या रेकॉर्डिंगची बोलावणी येऊ लागली. दोन कडव्यांच्या मधला त्याचा तुकडा देशभर हॉटेलाहॉटेलांतून वाजायचा. तबकडीवर नाव मात्र गाणाऱ्याचं. वाजवणाऱ्याचं नाव कोण छापतो?

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सत्तारमियाँ आदल्याच साली गेले होते, आमिनाबी एकटी होती. वाहेदनं ‘येतो’ म्हणून निरोप धाडला आणि रेकॉर्डिंग निघालं म्हणून थांबला. पुन्हा निरोप धाडला, पुन्हा थांबला. इकडं लग्नंच निघेनात, तर बँडवाल्याच्या बाईला कोण विचारतो? आमिनाबी विहीर खोदायच्या कामावर गेली, सुरुंगानं फुटलेले दगड उचलायला. एक सुरुंग उशिरा उडाला आणि ती जवळ होती. जीव वाचला, कान गेले.

वाहेद आला तेव्हा त्यानं दारातून “अम्मा” म्हणून हाक मारली. ती पाठमोरी भाकरी थापतच राहिली. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. स्वतःची एवढी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

तो मुंबईला परत गेला नाही. बापाचा बँड चालवू लागला. अगदी कानाशी ओरडलं की तिला थोडंफार कळायचं, एवढ्यावर त्यानं आशा धरली. घरात फुंकायला ती अजूनही नकोच म्हणायची आणि नदीपर्यंत चालायचं बळ तिच्या पायांत उरलं नव्हतं. तिचे डोळे मिटायच्या आत तिला एकदा ऐकवायचं, हा एकच ध्यास त्यानं घेतला.

संधी आली ती गावाला खेटून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायच्या सोहळ्याला. प्यायला टँकर आणि पिकवायला ऊस, असली आमच्याकडची अक्कल. पण कारखाना उभा राहिला खरा. पंचक्रोशीला बुंदीचं जेवण होतं, बायामाणसांनाही आवतण होतं. वाहेदनं आमिनाबीला बँडच्या पुढ्यात खुर्चीवर बसवलं. मंत्र्यांना यायला उशीर होता.

“ते येऊस्तोर वाजव बे कायबी,” चेअरमन सुंदरराव म्हणाले.

गर्दीनं सिनेमातलं गाणं मागितलं. वाहेदनं त्यातला स्वतःचाच तुकडा वाजवला.

“हुबेहूब नक्कल केली की!” कुणीतरी ओरडलं.

तो कसनुसा हसला. बाकीच्यांना थांबायची खूण करून त्यानं मुलतानी धरला. दुपार कलली होती, वेळ मुलतानीचीच होती. म्हाताऱ्याची मींड, गोवेकरांची मस्ती, स्टुडिओतली सफाई, होतं नव्हतं ते सगळं त्यानं त्यात ओतलं. वाजवत वाजवत तो आईच्या अगदी जवळ गेला. ती त्याच्या फुगलेल्या गालांकडं कोऱ्या चेहऱ्यानं बघत होती. त्यानं डोळे मिटले आणि छाती फुटेल इतक्या जोरानं वरचा सूर लावला.

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी फाटकातून आत आली आणि कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला. लांबलचक, काळीज हलवणारा. वाहेदचा सूर त्यात कुठल्या कुठं बुडाला. त्यानं डोळे उघडले तर आमिनाबी रडत होती. उठून तिनं दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून, बोटं मोडत त्याची अलाबला घेतली.

“ऐकलं बेटा! समदं ऐकलं! लई मोठ्यानं वाजवलास रे!”

तो भोंगा होता, हे त्यानं तिला कधीच सांगितलं नाही.

पुढं प्रत्येक पाळीला भोंगा वाजू लागला. अंगणात बाजेवर बसलेली आमिनाबी मान वर करून ऐकायची आणि नापसंतीनं डोकं हलवायची.

“आज कोन वाजवालंय रे? तुज्यावानी न्हाई जमत त्याला.”

वाहेद तिच्या कानाशी तोंड न्यायचा आणि ओरडून सांगायचा, “नवा हाय अम्मा. शिकतोय अजून.”