मोठ्या बाईंचा शेवटचा पेपर

आमच्या अकोल्याच्या शाळेत सगळ्यात लहान पोरं ज्यांच्या वर्गात बसत, त्यांना अख्खी शाळा मोठ्या बाई म्हणत असे. कशाचाही भाव सांगितला की त्या तो शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "आन बाकीचं?" भाजीवाल्याने वांगी स्वस्त लावली तरी त्याची सुटका नव्हती. "वांगे सस्ते देल्ले तू, आन बाकीचं? तेल काय तुह्या घरून आनू?" तो बिचारा मुकाट्याने वर कोथिंबिरीची काडी टाकायचा. मी त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो आणि त्यांच्याच घरी माडीवरची खोली भाड्याने घेतली. तेव्हाही मी भाड्याचा आकडा मान्य केल्यावर त्यांनीच मला शिकवलं, "असं हो म्हनत नसतेत सर. बाकीचं इचारा. पानी कवा येते, लाईट किती जाते, खालच्या म्हाताऱ्याचा खोकला किती वाजता सुरू होते."

खालचा म्हातारा म्हणजे त्यांचे सासरे. बाई त्यांना मामाजी म्हणत, मी आबाजी म्हणायचो. बाईंचे यजमान दर्यापूरकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. मुलगी लग्न होऊन गेलेली. त्यामुळे घरात सून आणि सासरा एवढेच. दोघांचं बोलणं फार नसे, पण आबाजी खोलीत आले की बाई हातातलं काम टाकून उभ्या राहत आणि डोक्यावर पदर घेत. सांगून, ठरवून नाही, पंचवीस-तीस वर्षांची सवय ती. आपण शिंकताना डोळे मिटतो, तसं ते आपोआप व्हायचं. मी अमरावतीचा, त्यात तोंडाने फटकळ. एकदा म्हणालो, "बाई, वर्गात मुख्याध्यापिका आल्या तर तुम्ही उठत नाही, आणि इथे किती वेळा उठता." त्या म्हणाल्या, "मुख्याध्यापिका माह्यापेक्षा लहान हाये. मामाजी काय लहान हायेत?"

आणि मग एके वर्षी संस्थेने फर्मान काढलं. बालवर्गाच्या शिक्षिकेला पदवी पाहिजे. तीन वर्षांची मुदत. पदवी नसेल तर नोकरी जाणार नाही, पण वर्गावर नवी शिक्षिका येईल आणि बाई त्याच वर्गात मदतनीस. म्हणजे जिथे त्यांनी अर्ध्या गावाला अक्षरं गिरवायला शिकवलं, तिथेच आता डबे उघडून द्यायचे आणि नाकं पुसायची. बाईंची बारावी आणि बालवाडीचा एक कोर्स, बस्स. मीच मोठ्या उत्साहाने त्यांना ऑनलाइन पदवीची जाहिरात दाखवली. घरबसल्या बी.ए., फी अगदी माफक, हप्त्याने भरा. बाईंनी चष्म्यातून ती वाचली आणि अपेक्षेप्रमाणे विचारलं, "आन बाकीचं?"

बाकीचं काहीच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. मला काय ठाऊक होतं हो! पहिल्याच वर्षी कळलं की परीक्षेची फी वेगळी, प्रकल्पाची वेगळी, आणि प्रकल्पावर सही घ्यायला अभ्यासकेंद्रावर स्वतः जायचं. ते केंद्र अमरावतीला. ऐन उन्हात एसटीने जायचं, तिथे साहेब जेवायला गेलेले असायचे, मग दुसऱ्या शनिवारी परत जायचं. बाई म्हणायच्या, "ऑनलाइन म्हनता, आन सहीले अमरावतीले बोलावता. मंग लाइन कोठी हाये?" मुलीने जुना लॅपटॉप दिला होता, तो तापला की बंद पडायचा. बाई त्याच्याखाली ओला टॉवेल ठेवायच्या. मी ओरडायचो, त्या ऐकायच्या नाहीत. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. अंजनगाव सुर्जीला त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि नेमका त्याच दिवशी स्वाध्याय अपलोड करायचा शेवटचा दिवस. साइट काही उघडेना. मंगलाष्टकं चालू असताना बाई लाडवांच्या कोठीत परातींमध्ये बसून मोबाइलवर पान पुन्हा पुन्हा ताजं करत होत्या, आणि फोनवर मी इथून सांगत होतो, आता हे दाबा, आता ते दाबा. स्वाध्याय अपलोड झाला, अक्षता राहिल्या. बहीण कित्येक महिने बोलली नाही. बाई मला एवढंच म्हणाल्या, "हेबी फीसमधेच धरा सर."

असं करत करत तिसरं वर्ष आलं आणि शेवटचा एक पेपर उरला. परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कोणी दिसता कामा नये, बोलण्याचा आवाज येता कामा नये, जागेवरून उठायचं नाही. मी बाईंना हे दहा वेळा सांगितलं होतं. पेपरच्या दिवशी आबाजी सकाळीच पारावर गप्पा मारायला गेले, ते दुपारपर्यंत येत नसत. बाईंनी दार नुसतं लोटलं आणि पेपर सुरू केला. मी वर माझ्या खोलीत, उगाच येरझाऱ्या घालत.

आबाजी त्या दिवशी लवकर आले. पारावर कोणी नव्हतं म्हणे. घरात आल्यावर त्यांना सून लॅपटॉपपुढे बसलेली दिसली, तीन वर्षं दिसत होती तशीच. त्यांना कसं कळावं की आजचं बसणं वेगळं आहे? त्यांच्या मनात काय आलं देव जाणे. या माणसाने उभ्या जन्मात गॅस पेटवला नव्हता. त्यांनी त्या दिवशी चहा केला, कपबशीत ओतला आणि दार ढकलून आत गेले.

आणि बाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी कप घेतला. आबाजी बाहेर आले तेव्हा खुशीत होते. आत स्क्रीनवर लाल पट्टी आली होती, परीक्षार्थीने जागा सोडली, खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, पेपर रद्द.

मी खाली आलो तर बाई तो चहा पीत होत्या. साखर फार झाली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. माझा संताप संताप झाला. मी तरातरा आबाजींकडे निघालो होतो, तर बाईंनी दबक्या आवाजात मला थांबवलं. "एक शब्द बोलजा नका. या घरात आल्यापासून पयल्यांदा त्याईनं माह्यासाठी चहा केला. त्याईले हे समजलं त ते पुन्यांदा माह्या खोलीत पाय ठेवनार नाईत." मग बाहेर जाऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, लाईट गेली मामाजी, म्हणून पेपर गेला.

आम्ही अर्ज केले, मेल केले. प्रत्येक मेलला तेच छापील उत्तर यायचं, आपली तक्रार नोंदवली आहे. पुढच्या सत्रात पुन्हा फी भरून बसा, एवढाच मार्ग. संस्थेने मेहेरबानी म्हणून तोवर मुदत वाढवली, पण वर्गावर नवी मुलगी घेतलीच. तेवढे महिने मोठ्या बाई स्वतःच्या वर्गात मदतनीस होत्या. पोरांना काही समजत नव्हतं. ती नव्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या बाईंकडे बघून द्यायची. मोठ्या बाई बोट दाखवून म्हणायच्या, "तिकडं पाय बेटा, तिकडं." मी खिडकीतून एकदा हे बघितलं, पुन्हा त्या बाजूने गेलो नाही.

इकडे आबाजींनी लाईटवाल्यांच्या नावाने गल्ली डोक्यावर घेतली. माह्या सुनेचा पेपर खाल्ला म्हणत दारोदार फिरले. एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण एक दिवस घरी इन्व्हर्टर आला. बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. पैसे कुठले? आबाजी म्हणाले, "माह्या तेरवीसाठी ठेवले होते. तेरवीले लोकं येतीन, जेवतीन आन जातीन. हे राहीन. आता दे पेपर घरीच, पाहू कोन लाईट नेते त." बाईंनी मान खाली घातली. मुलीकडे जाऊन पेपर द्यायचा बेत त्यांनी केला होता, तो तिथेच संपला. आता घरी बसायचं, तेही आबाजी घरात असताना, कारण ते आपला इन्व्हर्टर सोडून पारावर जाणार नव्हते. आतून कडी लावणार होत्या, पण आबाजींनी दार वाजवून हाक मारली तर? आवाजही कॅमेऱ्यातून जात होता. "तुमी त्याईले समोरच्या खोलीत धरून ठेवजा सर," बाई म्हणाल्या. "कायबी बोला, पन कारन सांगजा नका. हा पेपर गेला त मी जन्मभर डबेच उघडीन."

त्या सकाळी मी आणि आबाजी समोरच्या खोलीत बसलो. आतून बाईंनी कडी लावल्याचा आवाज आला. मी हलक्या आवाजात कापसाचा विषय काढला, राजकारण काढलं, आबाजींच्या तरुणपणीच्या कुस्त्या काढल्या. डोळ्यात एवढं तेल घालून मी कोणासाठी कधी बसलो नव्हतो. आणि मग खरोखरच लाईट गेली. पंखा थांबला, लगेच इन्व्हर्टर सुरू झाला, पंखा पुन्हा फिरायला लागला. आबाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. "पाह्यलं मास्तर?" ते कुजबुजले. चेहरा असा फुलला होता की बघत राहावं.

त्या आनंदातच ते उठले. मला वाटलं मोरीकडे चाललेत. थोड्या वेळाने पाहतो तर हातात कपबशी, आणि निघालेत बाईंच्या दाराकडे. मी धावत जाऊन दाराशी आडवा झालो.

"नका जाऊ आबाजी," मी कुजबुजलो.

"काऊन? लाईट त हाये."

"आत दुसरं माणूस चालत नाही. कॅमेरा बघतो."

"मंग मी दाराबाहेरूनच देतो तिले."

"तेही नको. त्या नुसत्या उठल्या तरी..." एवढं बोलून मी थांबलो.

आबाजींनी माझ्याकडे बघितलं. नजर हातातल्या कपावर गेली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तवा ती उठली होती."

मी दारातून हललो नाही.

"मी गेलो आन ती उठली होती. पदर घेतला होता डोक्यावर." मग म्हणाले, "लाईट गेलीच नव्हती ना मास्तर?"

मी नाही म्हणू शकलो नाही आणि हो म्हणण्याची गरज नव्हती. आबाजी मागे फिरले, पाय न वाजवता समोरच्या खोलीत जाऊन बसले. चहा खाली ठेवला. त्यावर साय धरली तरी तो तसाच होता. उरलेला सगळा वेळ ते त्या बंद दाराकडे बघत होते. एकदा खोकल्याची उबळ आली तर धोतराचा सोगा तोंडात कोंबला, डोळे लाल झाले, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही. आतली कडी वाजली तेव्हा ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "तिले सांगजा नका, मले समजलं म्हनून."

बाई पास झाल्या. चांगल्या गुणांनी झाल्या. जूनमध्ये वर्ग त्यांना परत मिळाला, नव्या मुलीला वरच्या वर्गावर नेलं. आबाजींनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं, "लाईटवाल्याईनं माह्या सुनेचे सहा महिने खाल्ले, नाई त आदीच झाली असती." पूर्वीपेक्षा मोठ्याने सांगत, बाई ऐकतील अशा बेताने. बाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत. मीही हसत असे, दुसरं काय करणार? पण आबाजी त्यानंतर बाईंच्या खोलीत गेले नाहीत. काही हवं असलं की दारापासून चार हात दूर उभे राहून हाक मारत, आणि बाई उठण्याच्या आत तिथून सरकत.

पुढे मला अमरावतीत नोकरी मिळाली आणि मी अकोला सोडलं. यंदा हिवाळ्यात आबाजी गेले. तेरवीला गेलो होतो. वरणभात, एक भाजी, बुंदी, साधाच स्वयंपाक. बाईंनीच तो वर्गातल्या पोरांच्या आयांना हाताशी घेऊन केला होता. माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून चेहरा सुजला होता.

"एक मातर बरं झालं सर," त्या म्हणाल्या. "त्या पेपरचं मामाजीले शेवटपर्यंत समजू देल्लं नाई आपन. समजलं असतं त त्याईनं जीवाले लावून घेतलं असतं."

मी मान हलवली.

"त्यानंतर चहा काही आनला नाई त्याईनं कधी," त्या म्हणाल्या. "मी वाट पाहो. पन गुडघे गेले होते ना त्याईचे."

"हो बाई," मी म्हणालो. "गुडघेच गेले होते."