माझा दुसरा ग्लास

डॉक्टरांनी दम भरल्यापासून मी एका पेगवर थांबतो. पण दोस्त सोडवत नाहीत, म्हणून रविवारी दुपारी निर्मळला, मित्राच्या केळीच्या वाडीत जातोच. नको नको म्हटलं तरी कोणीतरी माझा दुसरा ग्लास भरतोच. भरलेला ग्लास वाया घालवायचा नाही, हा आमचा जुना, मूर्ख रिवाज. मग वाडीवाला मित्र स्वतःचा संपवून माझाही पितो.

परवा उन्हात त्याचे डोळे पाहिले. हळदीसारखे पिवळे! बाकीचे रंगात आलेले, त्यांना कसलं दिसतंय?

तेवढ्यात त्याची बायको तळलेले बोंबील घेऊन आली. माझ्यापुढे ताटली ठेवत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही यांच्यासोबत असता, म्हणून मला घोर नसतो."

ती वळली, आणि मित्राने न विचारताच माझा ग्लास उचलला.