सामेलकाका माघारी यायचे

सामेलकाका भडकले की आधी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटायचे आणि मग त्यांचा आवाज सुटायचा. तो आवाज गावाच्या खालच्या आळीतून निघून पार चावडीपर्यंत जायचा. शेळीनं वाळवणात तोंड घातलं, कुणी रांगेत मध्ये घुसलं, एसटी न थांबता पुढे गेली, एवढंसं कारण पुरायचं. धूळ झटकून टोपी परत डोक्यावर जाईपर्यंत समोरच्याच्या सात पिढ्यांची विचारपूस झालेली असायची.

पण त्यांची खरी ओळख ही नव्हे. ओरडून गेलेले काका थोड्या वेळानं माघारी यायचे. तीच टोपी आता हातात असायची. दारात उभं राहून म्हणायचे, "चुकलो बरं का. तसं बोलाय नको होतं." हेही त्याच आवाजात, त्यामुळे गावाला त्यांचं भांडण जसं कळायचं तशी माफीही कळायची. लहान पोरांचीसुद्धा माफी मागायचे. एकदा गोट्या खेळणाऱ्या पोरांवर ओरडले आणि मग पुन्हा त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले, तर पोरं आणखी मार बसणार म्हणून पळाली. काका मागे, पोरं पुढे. शेवटी मारुतीच्या पारापाशी त्यांना गाठून माफी मागितली तेव्हा कुठं काकांचा जीव खाली बसला.

काका ख्रिस्ती. गावात ख्रिस्त्यांची चारच घरं होती, पत्र्याच्या एका खोलीत रविवारी प्रार्थना चालायची. आम्ही शेतकरी, देवधर्म वेगळा, पण आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. पारावरचे लोक चिडवायचे, "काय सामेल, तुमचा येशूबाबा लई शांत होता म्हणं, मग तू कावून असा?" काका हसून म्हणायचे, "त्यो शांत हाय म्हणूनशान तर मला ठेवून घेतलंय. दुसरा असता तर कवाच हाकललं असतं!"

एकदा परळीहून त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते. त्यांनी रिबका काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, प्रभूला मानल्यापासून तुमच्या मालकात काय फरक पडला?" काकू सरळ बाई. म्हणाल्या, "आदी बी वरडायचे, आता बी वरडतात. पर आदी माघारी येत न्हवते." पाळकांनी बहुतेक लांबलचक साक्ष, म्हणजे प्रभूनं आयुष्य कसं बदललं ती कहाणी, ऐकायची तयारी ठेवली असावी. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए.; पुढं धर्मावरची व्याख्यानं पुष्कळ ऐकली. काकूंच्या उत्तराच्या वर मला अजून काही सापडलेलं नाही.

एका वर्षी दुष्काळात विहिरी आटल्या आणि सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब. त्यांनी काकांना फाटकावर बसवलं, कारण काकांच्या आवाजाला बैलसुद्धा वचकून असत. आमची बैलजोडी आणि गाभण गाय तिथंच. छावणी होती म्हणून ती जिवंत होती. छावणी मोडली तर त्यांना कसायाच्या दोरीला बांधण्याशिवाय आण्णांना, माझ्या वडिलांना, दुसरा रस्ता नव्हता.

मग तपासणीचे साहेब येणार अशी बातमी आली. सरकारी पैसा जनावरामागं मिळायचा, म्हणून छावणीत कागदावर जनावरं जास्त आणि माळावर कमी. बापूसाहेबांनी पलीकडच्या गावातल्या मेव्हण्याकडून बैल उसने आणले. अडचण एवढीच की पोळ्याला आमच्याकडे शिंगांना हिंगुळाचा तांबडा रंग देतात आणि त्या गावात निळा. तेव्हा बापूसाहेबांची माणसं भल्या पहाटे निळ्या शिंगांवर तांबडा रंग फासत बसली. साहेब लौकर आले. कौतुकानं त्यांनी एका बैलाच्या शिंगावर हात ठेवला आणि उचलला तर तळवा लालभडक! तोच हात नकळत पांढऱ्या शर्टाला पुसला.

"पोळा आत्ताच झाला का हो?" साहेबांनी विचारलं.

बापूसाहेबांनी रंगाचा डबा पायानं मागं सारला. साहेब फाटकावर काकांकडे आले. "हे बैल इथं कधीपासून आहेत?"

बापूसाहेब घाईनं म्हणाले, "सांग की सामेल, पयल्यापासून हायत म्हणून!"

काकांनी टोपी जमिनीवर आपटली. "माझ्या तोंडानं लबाडी बोलवता व्हय? उसनी बैलं हायत ती! मेव्हण्याची!" आणि पुढं त्यांनी बापूसाहेबांच्या कैलासवासी वडिलांना उद्देशून एक शिवी दिली. शिकलेल्या माणसानं ती लिहू नये.

साहेब तालुक्याला, केजला निघाले. उद्या येऊन छावणीचा निकाल सांगतो, म्हणाले.

त्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसले. "ह्या सामेलच्या तोंडापायी आपली जनावरं मरणार!" आई हळूच म्हणाली, "खरं तेच बोलले की ते." आण्णांनी ताट भिरकावलं. भाकरी चुलीपर्यंत गेली. आईला नको नको ते बोलले.

सकाळी गावभर झालं की सामेल माफी मागायला निघालाय. बापूसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, साहेबांना चहाला बसवलं, गाव गोळा केलं. आण्णा काकांच्या अगदी शेजारून चालत गेले, वाटभर विनवत, "सामेल, आज तरी नीट बोल बाबा. माझी गाय गाभण हाय."

काकांनी टोपी हातात घेतली. "बापूसाहेब, काल तुमच्या वडलांचं नाव काढून घाण बोललो. त्या मेल्या मानसानं माझं काय वाकडं केलं न्हवतं. ते माझं पाप हाय. माफी करा."

बापूसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. रागात मानूस काय बी बोलतं. बैलाचं बी रागातच बोलला, न्हाई का?"

"न्हाई जी," काका नम्रपणे म्हणाले. "शिवी रागात दिली. बैलाचं शुद्धीत बोललो. बैलं उसनीच हायत."

साहेबांना चहाचा ठसका लागला. काका त्यांच्याकडे वळले. "पर साहेब, बाकीची जनावरं गावाचीच हायत. त्यांचा चारा तोडू नका. लबाडी त्यांनी केली न्हाई."

साहेबांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. लाली अजून गेली नव्हती. मग म्हणाले, "उसने बैल आज परत पाठवा. छावणी चालू राहील."

बापूसाहेबांनी काकांना फाटकावरून काढून शेण भरायला लावलं. त्यावर काका अर्थातच भडकले, टोपी आपटली, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला त्यांच्या घरी निघाले. त्यांना लांबून येताना पाहून बापूसाहेबांनी दाराला आतून कडी लावली. काकांच्या रागाला ते कधी भ्याले नव्हते, माफीची मात्र धास्ती घेतली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाऊस पडेपर्यंत त्यांनी ते शेण भरलं, गाणी म्हणत, अत्यंत बेसूर. आमच्या गायीला कालवड झाली.

पण मला आठवते ती निकालाच्या दिवशीची दुपार. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. आण्णा घरी आले आणि आत न येता उंबऱ्यातच उभे राहिले. आमच्या घरात बाप्यानं बाईची कधी माफी मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "काल ताट फेकलं. तुला बोललो. चुकलं माझं."

आईचा हात थापता थापता थांबला. ती घाबरून उठली, पिठाचा हात तसाच आण्णांच्या कपाळाला लावला आणि मला हाक मारली, "आरं, कांदा फोडून आन लौकर! ह्यांना ऊन लागलंय!"

आण्णा कपाळावर पीठ घेऊन तसेच उभे.

"ऊन न्हाई लागलं," ते म्हणाले. "सामेलसंगं गेलतो."