मंगळवारचा अंदाज

श्रीवर्धनच्या बाजारात लॅपटॉप विकणारे आणि दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. कंपनीनं कुठलं मॉडेल कधी बदललं, त्याच्या लाल खुणा त्यांच्या दुकानातल्या जुन्या कॅलेंडरांवर आहेत. मी नवा लॅपटॉप घ्यायला गेलो की ते खुणा मोजत म्हणत, "थांबा सर. नवा येतोच आहे."

गणपतीत आला नाही, दिवाळीतही नाही. दर वेळी चाचा माझा जुना लॅपटॉप उघडून काहीतरी नीट करून देत.

मग एकदा म्हणाले, "येत्या मंगळवारी, इन्शाल्ला."

त्या मंगळवारी ते थेट माझ्या वर्गाच्या दारात, धापा टाकत. "सर, आला." मुलांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी दुकानात गेल्यावर मात्र मला खरं सांगावं लागलं. "चाचा, जुनाच आता इतका छान चालतोय, की नवा नकोसा झालाय."

चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "नका घेऊ. पण मंगळवारच म्हटलं होतं ना मी? जरा शेजारच्या दुकानदाराला सांगा, तो मानत न्हाय."

मी गेलो आणि सांगून आलो.