फोन तू धर

"कट गयो," एवढं म्हणून ते आधी फोनकडे बघत, मग आभाळाकडे आणि शेवटी माझ्याकडे. फोनकडे बघताना राग असे, आभाळाकडे बघताना तक्रार, आणि माझ्याकडे बघताना असा भाव की आमच्या बडोद्याच्या गोत्री भागातले सगळे टॉवर मीच उपटून माझ्या माळ्यावर टाकले आहेत.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. आमचे काका सेक्रेटरी होते. चोवीस फ्लॅट, दोन जिने, एक पाण्याची टाकी आणि कधीही न उडालेलं एक कारंजं, एवढ्या राज्याचा कारभार ते चौदा वर्षं बघत होते. निवडणूक कधी झालीच नाही. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे निकालानंतर त्यांच्याशी हात मिळवावा लागला असता, आणि ती हिंमत कोणात नव्हती.

त्यांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेलं, आजोबाही गेले. मागे एक तलवार राहिली आणि पकड राहिली. "आमच्या घराण्यात पकड असते," हे ते चहा पितानासुद्धा सांगत. कपाचा कान त्यांनी आयुष्यात कधी वापरला नाही, अख्खा कप मुठीत घेत. जिन्याचा कठडा असा धरत की तो पळून जाईल अशी शंका यावी. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जाण्याआधी मी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवायचो. ही गंमत नाही, एकदा बोट दोन दिवस सुजलं होतं.

असा माणूस मोबाईल कसा धरणार? पहिला मोबाईल त्यांनी चारचौघांसारखा धरला होता आणि तो गोत्री रोडवर उघड्या गटारात पडला. फोन गेल्याचं दुःख नव्हतं. त्यांच्या हातातून वस्तू पडली, हे भाजीवालीने पाहिलं याचं होतं. दुसऱ्या फोनच्या बाबतीत त्यांनी धोका पत्करला नाही. पाच बोटं आणि सबंध तळवा आवळून ते तो कानाशी नेत. वरून पेरभर काच दिसायची, तेवढ्यावरून आत फोन आहे असं समजायचं.

आणि त्या फोनला रेंज मिळायची नाही. पहिलं "हॅलो" छान जायचं, दुसरं वाक्य तुटायचं, तिसऱ्याला "कट गयो". त्यांनी तीन कंपन्या बदलल्या. तक्रारीचे अर्ज केले, त्यावर सोसायटीचा शिक्का मारला. कस्टमर केअरच्या मुलीला ते खास ठेवणीतल्या हिंदीत सांगत, "हम बडोदेसे बोलता है, और तुम कहाँसे बोलता है ये हमको सुनाई नहीं देता." त्या मुलीलाही काही ऐकू जात नसणार, पण ती बिचारी धन्यवाद म्हणायची.

शेवटी त्यांनी गच्चीवर टॉवर बसवून घ्यावा म्हणून सभा बोलावली. बडोद्याची संरक्षणव्यवस्था, वृद्धांची सुरक्षा आणि सोसायटीचा मानमरातब या तिन्ही विषयांवर ते बोलले. ते खाली बसल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या कोकिलाबेन शांतपणे म्हणाल्या, "भाई, मारा घरमां तो बराबर पकडाय छे." सगळ्यांनी आपापले फोन काढून बघितले. सगळ्यांचे बराबर होते. काकांनी चहा न देता सभा बरखास्त केली.

खोटं कशाला बोलू, मला या सगळ्याची मजा वाटायची. ऑफिसात रावपुऱ्याला पोचलो की मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. दादांचे फोन सुरू झाले तेव्हा नक्कल बंद झाली.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, पाणीगेटला राहणारे. दोघांत सहा वर्षं अबोला होता आणि त्याचं कारण होतं केक. दादांच्या मुलाच्या, म्हणजे पुतण्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मित्रांनी आग्रह केला आणि त्याने आजोबांच्या तलवारीने केक कापला. त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर काकांपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाणीगेटला गेले, तलवारीच्या मुठीवरचं क्रीम आपल्या रुमालाने पुसलं आणि एक शब्द न बोलता तलवार रिक्षात घालून गोत्रीला घेऊन आले. तेव्हापासून दसऱ्याला तलवारीची पूजा गोत्रीत व्हायची आणि पाणीगेटला नुसतीच झेंडूची फुलं वाहिली जायची, रिकाम्या पाटावर. हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या हसल्या नाहीत.

त्या वर्षी पुतण्याची नाशिकला बदली झाली. दादांचे गुडघे गेलेले, एकटं राहणं शक्य नव्हतं. पाणीगेटचं घर बंद करून तेही कायमचे नाशिकला निघाले. जायच्या अकरा दिवस आधी त्यांनी आपणहून काकांना फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी तिथेच होतो, कारंज्यापाशी. काकांनी स्क्रीनवर नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी फोन नेहमीपेक्षाही घट्ट धरला. "दादा?" म्हणाले. पलीकडून काहीतरी आलं. "दादा, बोला," म्हणाले. आणि फोन कट झाला. या वेळी त्यांनी आभाळाकडेही बघितलं नाही आणि माझ्याकडेही नाही.

पुढच्या पाच-सहा दिवसांत दादांचे सात फोन आले, काकांनी उलट चार केले. प्रत्येक वेळी तेच. सातव्यानंतर फोन थांबले आणि पुतण्याचा निरोप आला: बाबा म्हणतात, बोलायचं नसेल तर उचलू नकोस, उचलून ठेवतोस कशाला. मी रविवारी सकाळी निघतोय, आता त्रास देणार नाही.

तुम्ही म्हणाल, गोत्री ते पाणीगेट रिक्षाने पाऊण तास, जाऊन का आले नाहीत? मीही हेच म्हणालो. काका म्हणाले, "मी बोलावल्याशिवाय तलवार उचलून आणली. आता बोलावल्याशिवाय त्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ?" दादांनी "ये" म्हणायला हवं होतं आणि ते ऐकू यायला हवं होतं, एवढाच प्रश्न उरला होता.

उत्तर मला अपघाताने सापडलं. बुधवारी आम्ही गच्चीवर टाकीपाशी उभे होतो. चष्मा पुसायला म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि रेंजच्या काड्या भराभर चढून पूर्ण झाल्या. चष्मा लावून त्यांनी फोन परत घेतला, काड्या उतरल्या. मी पुन्हा मागून घेतला, पुन्हा चढल्या. चार वेळा असं केल्यावर ते म्हणाले, "हा काय खेळ लावलायस?"

मी त्यांना रावपुऱ्यातल्या ओळखीच्या मोबाईलवाल्याकडे नेलं. त्याने फोन उघडलाही नाही. काकांना म्हणाला, जसा बोलताना धरता तसा धरून दाखवा. काकांनी दाखवला. तो हात जोडून म्हणाला, "काका, आ फोन छे. एनुं गळुं ना दबावो." मग त्याने समजावलं की अँटेना कडेने आत असतो, त्यावर सगळा पंजा आला की तो बिचारा बाहेर बोलणार कसा. नुसती दोन-तीन बोटं लावायची, खालची बाजू मोकळी ठेवायची. फोनमध्ये काही खराबी नाही.

स्कूटरवर मागे बसून काका गोत्रीपर्यंत आपला पंजा उघडमीट करत होते, मला आरशात दिसत होतं. खराबी फोनमध्ये नाही याचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. ज्या पकडीवर तीन पिढ्या चहा प्याल्या, तिलाच एका दुकानदाराने दोषी ठरवलं होतं.

तरी त्यांनी प्रयत्न केला, हे मान्य करायला पाहिजे. काकूंनी सरावाला पापडासारखा पातळ, कडक खाखरा दिला. खाखरा न मोडता पाच मिनिटं कानाशी धरून बोलायचं. गुरुवारी त्यांनी सात खाखरे मोडले आणि काकूंनी ते चुऱ्यासकट त्यांनाच खायला लावले. शुक्रवारी, पलीकडे कोकिलाबेन आहेत असं समजून पाण्याच्या टाकीविषयी बोलताना खाखरा शाबूत राहिला. मग काकू म्हणाल्या, आता समजा की पलीकडे दादा आहेत. त्यांनी "दादा" म्हटलं आणि चुरा झाला.

मी इयरफोन सुचवला. थोरल्या भावाशी कानात बोळे घालून बोलत नाहीत, असं उत्तर मिळालं. स्पीकरवर बोला म्हटलं, तर भावाभावांचं चार भिंतींना कशाला ऐकवायचं. इथे मात्र मी चिडलो. इतके दिवस टॉवरला शिव्या दिल्यात, आता तुमची मूठ सोडा, नाहीतर दादांना, असं मी सरळ बोललो. ते उठून घरात गेले. मला वाईट वाटलं, पण बोललो ते बोललो.

शनिवारी सकाळी दहाला माझ्या दाराची बेल वाजली. काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. फोन त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. तो माझ्यापुढे करून म्हणाले, "फोन तू धर. मी बोलतो."

तर मंडळी, असं दृश्य डोळ्यांपुढे आणा. काका माझ्या दिवाणखान्यातल्या हिंचक्यावर ताठ बसलेले, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. मी बाजूला वाकून, तीन बोटांनी फोन त्यांच्या कानाशी धरलेला. हिंचका पुढे गेला की मी पुढे, मागे आला की मी मागे. बायको स्वयंपाकघरातून एकदा डोकावली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली.

फोन उचलला गेला. इतक्या जवळून मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"दादा, मी कधीच फोन ठेवला नाही. कट व्हायचा."

"माहीत आहे कट कसा होतो ते," दादा म्हणाले.

काकांनी हिंचका पायाने थांबवला. पुढचं वाक्य त्यांना किती जड गेलं हे मी एका वितीवरून बघत होतो.

"दादा, माझी पकड चुकत होती."

पलीकडे काही नाही. मी घाबरून काड्या बघितल्या, पूर्ण होत्या. मग दादांचा आवाज आला, अगदी हळू.

"माझीपण. काल सूनबाईने दाखवून दिलं."

"मग आत्ता?"

"आत्ता तिनेच धरलाय. तुझा?"

"शेजारच्याने."

दोघं म्हातारे हसू लागले. म्हणजे गोत्रीतून एक मूठ सिग्नल दाबत होती आणि पाणीगेटहून दुसरी, एकाच आजोबांची. सहा वर्षांचा केक त्या हसण्यात कुठे गेला कळलं नाही. पलीकडून त्या सूनबाईचंही नाक ओढल्यासारखा आवाज आला. माझंही काही वेगळं नव्हतं, पण माझे हात मोकळे नव्हते.

"उद्या दहाची गाडी आहे," दादा म्हणाले. "त्याआधी घरी ये."

रविवारी सात वाजता मी त्यांना स्कूटरवरून पाणीगेटला घेऊन निघालो. मागे ते, आणि आमच्या दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेली तलवार. काळ्या घोड्यापासून मांडवीपर्यंत प्रत्येक पोलिसाकडे बघून मी ओळखीचं हसलो. दादांनी तलवार हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. रेल्वेत नेऊ देणार नाहीत, तुझ्याकडेच असू दे, म्हणाले. पुतण्याने वाकून काकांना नमस्कार केला. काकांनी त्याला उठवून हात मिळवला आणि तो चांगलाच कळवळला. तेवढी शिक्षा योग्यच होती असं माझं मत आहे.

त्यानंतर दर रविवारी दहा वाजता काका रुमालातला फोन घेऊन माझ्याकडे यायचे. दोन वर्षांहून जास्त काळ मी त्या दोघांचं बोलणं धरून उभा राहिलो. बोलणं काय, तर नाशिकला थंडी आहे का, इथे भाकरी कोण करतं, कोणाचा गुडघा जास्त दुखतो. मला खांदेदुखी जडली. आभार त्यांनी एकदाही मानले नाहीत. एक रविवार मी लग्नाला परगावी होतो, तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, आम्ही बोललो नाही, तू नव्हतास.

गेल्या माघात काका गेले. सकाळी चहा घेतला, कप मुठीतच होता, असं काकू म्हणाल्या. नाशिकला मीच कळवलं. दादा एवढंच म्हणाले की येणं जमणार नाही, आणि सुनेला फोन ठेवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी दहा वाजता माझा स्वतःचा फोन वाजला. सूनबाई म्हणाली, "बाबांना तुमच्याशी बोलायचंय, मी धरलाय." तेव्हापासून दर रविवारी वाजतो. माझ्याशी बोलण्यासारखं दादांकडे काही नाही, माझ्याकडेही नाही. ते विचारतात, ऐकू येतंय का. मी सांगतो, स्पष्ट येतंय. मग बराच वेळ आम्ही दोघं गप्प बसतो, आणि फोन कोणीच ठेवत नाही.